‘हो’वर खूण करा

मुलीचं पहिलं बाळंतपण जुलैत आहे, ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. मी जूनच्या सुरुवातीला एकटीच निघतेय, सिंगापूरला विमान बदलायचं आहे. घरी दोन म्हशी आहेत, शेत आहे, मुंबईच्या पलीकडे मी कधी गेलेली नाही. इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. मुलगी म्हणते, ‘आई, काही आणू नकोस.’ जाऊबाई म्हणतात, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि घरचं तूप नेल्याशिवाय बाळंतपण कसलं? शेजारच्या एका गृहस्थांचा मुलगा तिकडेच असतो. ते सांगतात, विमानात एक कार्ड देतात, त्यावर सगळीकडे ‘नाही’ लिहायचं, कोण बघतंय! कुणाचं ऐकू? आणि तिकडे साडी चालेल का?
— एक होणारी आजी, गडहिंग्लज तालुका

ताई,

आधी शेजारच्या गृहस्थांचं बघू. त्यांचं अजिबात ऐकू नका. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालेल, पण ते कार्ड नीट भरायचं.

ते कार्ड म्हणजे तुमच्या सहीचं निवेदन असतं. त्यात विचारतात: मांस, मासे, अंडी, दुधाचे पदार्थ, फळं, भाज्या आहेत का? धान्य, बिया, सुकामेवा, झाडपाला, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू आहेत का? मातीचे बूट-चपला आहेत का? गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांच्या जवळ गेला होता का? तुमच्या बाबतीत यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आहे. मग ‘हो’वर खूण करायची. ‘हो’ म्हटलं म्हणजे गुन्हा कबूल केला असं नसतं. तुम्हाला वेगळ्या रांगेत पाठवतील, अधिकारी बॅग उघडायला लावेल, वस्तू बघेल, काही परत देईल, काही टोपलीत टाकेल. सांगितलेली वस्तू चालण्यासारखी नसली तर ती तिथेच सोडून पुढे जायचं, दंड नाही. दंड आहे तो न सांगितल्याचा. तो हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि २०१९ पासून तर पाहुण्यांचा व्हिसा विमानतळावरच रद्द करून त्यांना परतही पाठवू शकतात. त्याच वर्षी सिडनीला एका पर्यटक बाईंच्या सामानात न सांगितलेलं डुकराचं मांस सापडलं आणि त्यांना आल्या पावली माघारी जावं लागलं. एक्स-रे असतो, वास घेणारी कुत्री असतात. ‘कोण बघतंय’ याचं उत्तर आहे: सगळेच.

इतकी कडक तपासणी कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, तुम्हाला हे लगेच पटेल. आपल्याकडे म्हशीला लाळ्या खुरकूत झाली की काय होतं ते तुम्ही गोठ्यात पाहिलं असेल. ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर शिरलेला नाही, आणि त्या देशाचा मोठा व्यापार मांस, लोकर आणि दुधावर आहे. तुमच्या चपलेच्या तळाला चिकटलेलं वाळकं शेण त्यांना लाडवापेक्षा जास्त भीतीचं. म्हणून गोठ्यात घातलेली चप्पल न्यायचीच नाही. प्रवासाला वेगळी जोडी घ्या, नाहीतर असलेली ब्रशने, साबणाने घासून कडक उन्हात वाळवा, आणि तरीही गोठ्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा. अधिकारी तळवे बघेल आणि सोडेल.

दुसरी भीती आपल्या धान्यातल्या खपऱ्याची. गोदामातला गहू पोखरणारा तो बारीक भुंगा मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याची केसाळ अळी खाणं न मिळताही फटीत वर्षानुवर्षं जगते. म्हणून प्रवाशाच्या बॅगेतून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुकी मिरची हे न्यायला बंदी आहे. म्हणजे आपलं अर्धं स्वयंपाकघर! घरची भाजणी, घरचा मसाला, चटणी यांचं काय करायचं ते बॅग बघणारा अधिकारी ठरवणार. माझं मत विचाराल तर नेऊ नका. तुमच्या हातची मेहनत कचऱ्याच्या डब्यात पडताना बघवत नाही.

आता लाडू. दुधाचं काही तिथे आपल्याकडून चालत नाही: पेढे, बर्फी, खवा, घरचं कढवलेलं तूप सगळं घरी ठेवा. डिंकाच्या लाडवात एक जिन्नस असा आहे की तो ऑस्ट्रेलियाला पोचायच्या आधीच गोत्यात आणेल, तो म्हणजे खसखस. तुमचं विमान सिंगापूरला बदलतंय आणि सिंगापूरला खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. दुबईमार्गे जाणाऱ्यांनाही हेच लागू. सामान थेट पुढे जाणार असलं तरी ही जोखीम कशाला? लाडवात, मसाल्यात, कुठेच खसखस नको.

मग मुलीला लाडू नाहीतच का? आहेत की. तिथे जाऊन वळा. मेलबर्नच्या डँडेनाँग भागात फॉस्टर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, त्याला तिथे लिटल इंडिया म्हणतात. पश्चिमेला वेरिबी, टारनेटकडे तर आपल्या लोकांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गूळ, सुंठ, ओवा, अळीव, शोपा, तूप, सगळं पाकिटात मिळतं. भाव आपल्यापेक्षा जास्त, पण तुमच्या सामानाच्या किलोंचा हिशेब धरला तर महाग पडत नाही. जाऊबाईंना सांगा, कृती मी घेऊन चालले आहे, साहित्य तिकडे आहे. खरं तर मुलीला तुम्ही कढईपाशी उभ्या दिसाल त्याचंच जास्त बरं वाटेल.

तरीही काही न्यायचंच असेल तर दुकानातलं, मोहोरबंद, छापील पाकीट घ्या. लोणच्याची बाटली, भाजके पापड, चिवडा. सगळं खाण्याचं एकाच बॅगेत, वरच्या बाजूला ठेवा. मुलीकडून इंग्रजीत यादी करून घ्या आणि ती बॅगेत अगदी वर ठेवा. अधिकाऱ्याला ‘डिंक म्हणजे काय’ हे हातवाऱ्यांनी समजावत बसायला नको. केसातला गजरा विमानातच काढून टाका. ओटीचा नारळ, विड्याची पानं, तुळशीचं रोप, कढीपत्ता यातलं काहीही नाही. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये ठेवून उतरणारे लोक दरवर्षी दंड भरतात. नातवासाठी सावंतवाडीची लाकडी खेळणी घेतलीत तर छान, फक्त सांगायचं. लाकडाला साल नको, भोकं नकोत. बारशाचं सोनंही नेणार असाल: प्रौढ माणसामागे ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या वस्तू करमुक्त असतात, आणि आजच्या सोन्याच्या भावाने ही मर्यादा बघता बघता ओलांडते. पावती जवळ ठेवा, जास्त असेल तर तेही सांगा.

औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत. काढे, चूर्ण, बाळगुटीच्या मुळ्या हे औषध आणि झाडपाला दोन्हीत मोडतं, म्हणून तेही सांगण्याच्या यादीत. विमा काढल्याशिवाय निघू नका. आपल्या लोकांना तिथलं सरकारी मेडिकेअर नाही, आणि व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं तिथे, नुसती ॲम्ब्युलन्स बोलावली तरी हजार डॉलरच्या वर बिल येतं. विमा काढताना बीपी आहे, शुगर आहे, हे लपवू नका. नेमक्या त्याच कारणाने नंतर पैसे नाकारतात. व्हिसाच्या पत्रात ८५०३ असा आकडा दिसला तर तिथे बसून पुढचा व्हिसा मागता येत नाही. परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा. पाय धडधाकट असले तरी सिंगापूरला एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे नेऊन सोडतात, आपल्याकडच्या कितीतरी आया तशाच जातात. मेलबर्नला अधिकाऱ्याशी बोलताना सगळ्या वाक्यांची गरज नाही. ‘डॉटर’, ‘बेबी’, ‘जुलै’ एवढं पुरतं. का आलात, असं विचारलं तर मुलीच्या बाळंतपणाला आले, हेच सांगा, पर्यटनाच्या गोष्टी रचू नका. समजलं नाही तर मान हलवू नका. आपल्या बायकांची ही एक खोड आहे, कळलं नाही की ‘हो हो’ म्हणायचं. तिथे ‘नो इंग्लिश, हिंदी प्लीज’ म्हटलं तर कुणी हसत नाही. फोनवर दुभाष्याची सरकारी सोय आहे, क्रमांक १३१ ४५०. सार्वजनिक हॉस्पिटलांत दुभाषा फुकट मिळतो. हिंदीचा सहज मिळतो, मराठीचाही विचारून बघा. मुलीला किंवा जावयाला मध्ये घालण्यापेक्षा बाळाच्या तब्येतीच्या बोलण्याला दुभाषा बरा. जावयासमोर सगळं विचारायला आपल्यालाच अवघड होतं.

आता ज्यासाठी जाताय ते. इथे थोडं मन घट्ट करा, कारण पहिला आठवडा तुम्हाला तिथलं सगळं उलटंच वाटेल.

बाळंतपण साधं झालं तर एक-दोन दिवसांत घरी पाठवतात. मुलगी उठून आंघोळीला जाईल, गार पाणी पिईल, कदाचित बर्फसुद्धा घातलेलं. खोलीत जावई असतील, तुम्ही बाहेर असाल, असंही होईल. किती जणांना आत सोडायचं हे हॉस्पिटल ठरवतं. बाळाचे लंगोट जावईच बदलतील. बघत राहू नका आणि हातातून काढूनही घेऊ नका. बाळाला गाडीतून घरी नेताना खास आसन लागतं, मागे तोंड करून बसवलेलं, तो कायदा आहे. मांडीवर घेऊन बसते म्हणाल तर गाडी सुरूच होणार नाही.

मग कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, नर्स घरी येईल. व्हिक्टोरियात आई आणि बाळासाठी ही फुकट सेवा आहे, शाळेच्या वयापर्यंत ठरावीक टप्प्यांवर बाळाला बघतात, आणि पहिली भेट घरी असते. ती तुम्हाला नावाने हाक मारेल, ‘आजी’ नाही, ‘मॅडम’ नाही. डॉक्टरलाही लोक पहिल्या नावाने बोलावतात, त्यात अपमान नसतो. पुढे कधीतरी ती म्हणेल, मला तुमच्या मुलीशी एकटीशी बोलायचंय. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जायचं. ती प्रत्येक आईला विचारते: झोप लागते का, रडू येतं का, घरात भीती वाटते का. तुमच्यावर संशय नसतो. ‘माझ्यासमोर बोल की, मी आईच आहे’ असं म्हणून बसून राहू नका.

त्या नर्सशी तुमचे खटके उडण्याच्या जागा मला आत्ताच दिसतात, म्हणून सांगून ठेवते. बाळ उताणंच झोपवायचं, स्वतःच्या पाळण्यात, उशी नाही, दुलई नाही, झोपताना डोक्यावर टोपडं नाही. आपण बाळाला कुंची घालून, दुपट्यात गुंडाळून, कुशीत घेऊन झोपवतो, आणि तिथे ती नर्स म्हणते डोकं उघडं ठेवा. थंडीत हे जिवावर येतं. पण झोपेत बाळ दगावण्याच्या घटना याच पद्धतीने तिथे खूप कमी झाल्या आहेत, आणि बाळाला जास्त उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकायची असते. घर गरम करायला हीटर आहे. तुम्ही शिवलेली गोधडी जरूर न्या, बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

जिभेला मध-सोनं चाटवणं: मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते, आपल्या बालरोगतज्ज्ञांचंही हेच म्हणणं आहे. सोनं नुसतं दाखवा. काजळ डोळ्यात नाही, पुष्कळ काजळांत शिसं सापडतं. तीट हवीच असेल तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही निघते. बाळगुटी सहा महिने नाही, तोवर आईचं दूध पुरे. तेल लावून अंग चोळायला हरकत नाही, फक्त कुठलं तेल, ते नर्सला दाखवून घ्या. गुपचूप काही देऊ नका. बाळाला उद्या पुरळ उठलं तर डॉक्टरला खरं कारण कळलं पाहिजे. रात्री दोन वाजता बाळ रडायचं थांबत नसेल तर १३ २२ २९ या क्रमांकावर चोवीस तास नर्स बोलते. जिवावरचं असेल तर ०००.

आणि शेगडी. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला तुम्ही कोळशाची शेगडी शोधाल, बागेत बार्बेक्यूसाठी कोळसा मिळतोही. घरात आणू नका. आपली जुनी घरं कौलांतून, फटींतून श्वास घ्यायची. तिथली घरं थंडीसाठी बंद असतात, आणि निखाऱ्यांचा वायू वास न येता माणसं मारतो. ओव्याची धुरीही नाही. प्रत्येक घरात छताला धुराचा भोंगा असतो, तो इतका किंचाळतो की बाळ तासभर शांत व्हायचं नाही. त्या भोंग्याला आपली मिरचीची फोडणीही पुरते, म्हणून गॅस पेटवायच्या आधी वरचा पंखा चालू करा. शेकायला रबरी पिशवी न्या, आतलं पाणी सोसवेल इतकंच गरम, वर फडकं. आणि तीही मुलीच्या कंबरेला, बाळाला नाही.

बारसं बाराव्या दिवशी करा, पण नाव आधी ठरवून ठेवा. व्हिक्टोरियात जन्माची नोंद ६० दिवसांत करायची असते आणि कागदावर नाव लागतं. ‘आत्याने कानात सांगितल्यावर बघू’ म्हणत लांबवू नका. आत्या व्हिडिओ कॉलवर असेल तर वेळ लक्षात ठेवा: मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून साडेपाच.

घराबाहेर फार शिकायचं नाही. गाड्या डावीकडूनच चालतात. रस्ता ओलांडायला खांबावरचं बटण दाबा आणि हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबा, रस्ता रिकामा असला तरी. दुकानात पोरगी ‘हाऊ आर यू गोइंग?’ विचारेल, तब्येतीची कहाणी सांगायची नाही, ‘गुड, थँक्स’ म्हणायचं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, मला तरी ही त्यांची सवय फार आवडते. कचऱ्याचे डबे झाकणाच्या रंगावरून वेगळे असतात: लाल, पिवळा, हिरवा, काही ठिकाणी काचेसाठी जांभळा. भाजीची देठं कशात टाकायची ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर मुलीला कौन्सिलची चिठ्ठी येईल. बागेत दुसऱ्यांची गोरी गोमटी पोरं दिसली तरी गाल ओढायचे नाहीत, फोटो तर नाहीच. सप्टेंबरात राहिलात तर मॅगपाय नावाच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यापासून सांभाळा. घरट्यात पिल्लं असली की तो मागून येऊन डोक्यावर झडप घालतो, सायकलवाल्यांची तर धांदल उडवतो. बाबागाडी घेऊन निघाल तेव्हा टोपी घाला आणि तो रस्ता बदला.

जून-जुलैत पाचच्या सुमारास अंधार पडतो. मुलगी झोपलेली, जावई कामावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे दिवस कठीण जातात, तेव्हा उगाच वाद होतात, ते या अंधाराचे असतात हे ध्यानात असू द्या. सकाळी ऊन असेल तेव्हा अर्धा तास तरी बाहेर चाला, मुलीच्या पत्त्याची चिठ्ठी पर्समध्ये ठेवून. गणपतीपर्यंत राहणार असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या उत्सवाची चौकशी करा. तुमच्यासारख्याच बाळंतपणाला आलेल्या दोन-चार आज्या तिथे हमखास भेटतील, आणि त्यांच्याकडे शेगडीपासून जावयापर्यंत सगळ्याची माहिती असेल.

साडीचं विचारलंत. चालते की! कुणी वळून बघितलं तर कौतुकानेच. पण मेलबर्नला त्या दिवसांत पहाटे ६-७ अंश आणि दुपारी कसंबसं १४ असतं, वर बोचरा वारा आणि पाऊस. दोन लोकरी थर्मल इथूनच घेऊन जा, साडीच्या आत कळत नाहीत. पायात मोजे आणि बंद बूट, चप्पल फक्त घरात. वर घालायचा जाड कोट तिकडे मुलीकडून घ्या, इथल्या स्वेटरने भागणार नाही. काठापदराची एकच न्या, बारशासाठी. तीही सिंथेटिक नको, हीटरच्या कोरड्या हवेत ती अंगाला चिकटते आणि बाळाला घेताना विजेचे बारीक चटके बसतात.